बारा व्होल्टचा हिशोब

बाबांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला, एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, खिडकीपाशी नेला आणि त्याच्या अंगावरचं लेबल मोठ्यानं वाचायला लागले. खोक्यावर ठसठशीत ‘५०० वॉट’. लेबलवर मात्र १२ व्होल्टच्या रकान्यात २२ अँपिअर.

“बारा गुणिले बावीस किती?”

“दोनशे चौसष्ट.”

“मग पाचशे कुठनं आले? वॉट कुणीबी छापतंय गं. अँपिअर किती लिहिल्यात ते बघ.”

बाबा साखर कारखान्यात तीस वर्षं इलेक्ट्रिशियन होते. कॉम्प्युटर त्यांना फक्त फोटो बघायला लागतो, पण लेबल वाचायला त्यांनीच मला शिकवलं. तो ५०० वॉटचा डबा माझ्या जुन्या पीसीतला होता आणि तो नव्या मशीनला चालेल का, एवढंच मी विचारलं होतं. चालणार नव्हता. उरलेले वॉट ५ आणि ३.३ व्होल्टच्या लाइनींवर दाखवलेले होते आणि आजच्या मशीनमध्ये त्या लाइनींवर फारसं कुणी जेवायलाच बसत नाही. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, पंखे, सगळी पंगत १२ व्होल्टवर.

नवं मशीन म्हणजे तसं जुनंच. मी कोल्हापुरात घरूनच फ्लो सिम्युलेशनची, म्हणजे हवा-पाणी कसं वाहील हे कॉम्प्युटरवर काढायची, कामं करते. पंपाची केसिंग, ब्लोअरची डक्ट, कधी शिरोलीतल्या एखाद्या फाउंड्रीचं काम. त्यासाठीच्या ओपनफोम या सॉफ्टवेअरला नुसते कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले गणित करणारे हात, देऊन भागत नाही, मेमरीकडून डेटा भराभर यावा लागतो. म्हणून इंटेलच्या सेकंडहँड झिऑन ई५-२६८० व्ही४ प्रोसेसरच्या जोडीवर जीव जडला. २०१६ सालचे प्रोसेसर, प्रत्येकी १४ कोअर आणि प्रत्येकाला मेमरीचे चार चॅनल, म्हणजे डेटा यायच्या चार वाटा. दोन बसवले की २८ कोअर, आठ चॅनल, आणि खर्च एका बऱ्यापैकी नव्या प्रोसेसरपेक्षा कमी. तयार वर्कस्टेशनही मिळत होतं, पण मोठ्या कंपन्यांच्या तसल्या मशीनमध्ये एसएमपीएस त्यांच्याच मापाचा आणि त्यांच्याच कनेक्टरचा असतो. तो गेला की हुबेहूब तोच शोधत बसा.

दुकानदाराचं उत्तर तयार होतं. “मॅडम, डोळे झाकून हजार वॉटचा घ्या.” मी डोळे उघडे ठेवून वहीच काढली. दोन प्रोसेसर, प्रत्येकी १२० वॉट म्हणजे २४०. हे १२० खुद्द प्रोसेसरच्या तोंडी पडणारे; मदरबोर्डावर १२ व्होल्टचे १.८ च्या आसपास व्होल्ट करताना थोडी गळती होते, म्हणून २७० धरले. रॅमच्या आठ पट्ट्या, चार-चार वॉट, ३२. बोर्ड ४०, पंखे २४, डिस्क वगैरे १५. ही झाली ३८१. पुढेमागे आरटीएक्स ३०६० टाकायचं मनात होतं, त्याचे १७०. एकूण साडेपाचशेच्या घरात. ७५० वॉटचा चांगला एसएमपीएस हे सहज उचलतो.

पण वॉटच्या नादात मी मुख्य गोष्ट विसरले आणि बजेट वाचवायला ६५० वॉटचा घेऊन आले. १२ व्होल्टवर ५४ अँपिअर, म्हणजे ६४८ वॉट. बाबांच्या परीक्षेत पास. घरी येऊन खोकं फोडलं तर प्रोसेसरसाठी आठ पिनांची केबल एकच. माझ्या बोर्डावर सॉकेटपाशी तसे दोन कनेक्टर आहेत, एकेका प्रोसेसरचा एकेक. एकच लावून बघितलं. पंखे अर्धा फेरा फिरले आणि थांबले.

दुकानात परत गेले तर दीडशे रुपयांचं कन्व्हर्टर पुढे आलं. जुन्या डिस्कचे चार पिनांचे दोन मोलेक्स एकीकडे, आठ पिनांचा कनेक्टर दुसरीकडे. एका प्रोसेसरला दहा-अकरा अँपिअर लागतात. खऱ्या आठ पिनी केबलमध्ये १२ व्होल्टच्या चार पिवळ्या तारा ते वाटून घेतात. मोलेक्सला प्रत्येकी एकच पिवळी तार, त्यात त्या पिना सैल. मशीन चालू झालं, खोटं कशाला बोलू. वीस मिनिटं दोन्ही प्रोसेसर पूर्ण लोडवर ठेवले आणि बाबांनी दोन बोटांत तो कनेक्टर धरला. धरला आणि सोडला. काही बोलले नाहीत, सरळ भिंतीवरचं बटण बंद केलं.

मग डोळा गेला ग्राफिक्स कार्डाच्या केबलीवर. तीही आठ पिनांची, शिवाय रिकामी. इथे मात्र थांबा. दिसायला सख्ख्या बहिणी, पण प्रोसेसरच्या कनेक्टरमध्ये चार पिवळ्या आणि चार काळ्या तारा, पिवळ्या खटक्याच्या बाजूला. ग्राफिक्सच्या कनेक्टरमध्ये पिवळ्या तीनच, त्याही खटक्याच्या विरुद्ध बाजूला. पिनांचे आकार वेगळे ठेवलेत म्हणून चुकीचं सहसा बसत नाही, पण जोर लावणाऱ्यांची आपल्याकडे कमी नाही. एका केबलीला दोन फाटे फोडणारी ‘वाय’ आकाराची केबलही मिळते. कागदावर तिचा हिशोब बसतो: २७० वॉट म्हणजे साडेबावीस अँपिअर, चार तारांत साडेपाचाच्या आसपास. तरी रोज रात्री चौदा तास चालणाऱ्या मशीनला, पत्र्याखालच्या खोलीत, मे महिन्यात, मी ती लावणार नाही. ज्याला लावायची त्यानं लावावी.

शेवटी ८५० वॉटचा आला. ८५० ची गरज होती म्हणून नव्हे. आठ पिनांच्या दोन स्वतंत्र केबली मला त्याच मापात मिळाल्या म्हणून. १२ व्होल्टवर ७० अँपिअर. घेण्याआधी दुकानातच खोकं उघडून केबली मोजल्या आणि टेपनं लांबीही. बोर्ड मोठा, एसएमपीएस खाली आणि कनेक्टर पार वरच्या कोपऱ्यात. केबल मागून फिरवून आणताना चार बोटं कमी पडली की सगळं मुसळ केरात. ६५ सेंटिमीटर भरली. पुरली.

‘८० प्लस’ या कार्यक्षमतेच्या बिल्ल्यांतला गोल्ड मुद्दाम घेतला, पण विजेचं बिल वाचतं म्हणून नाही. ८० प्लसच्या ११५ व्होल्टच्या चाचणीत अर्ध्या लोडला गोल्डला ९० टक्के कार्यक्षमता लागते, ब्राँझला ८५. माझ्या वापरात फरक चोवीस-पंचवीस वॉटचा. महिन्यात वीस रात्री धरल्या तर सात युनिटंही वाचत नाहीत. पण तेवढी उष्णता डब्यात कमी साठते, हे मला जास्त मोलाचं. शिवाय ती चाचणी २३ अंशांच्या आसपास होते. व्होल्टेज किती स्थिर राहतं, शॉर्ट झाल्यावर डबा वेळेत बंद पडतो का, याबद्दल तो बिल्ला चकार शब्द काढत नाही. त्यासाठी डबा उघडून आतलं दाखवणारे रिव्ह्यू वाचावेत आणि वॉरंटी किती वर्षांची ते बघावं.

भिंतीपाशी वॉटमीटर लावून मोजलं. नुसतं बसलेलं मशीन १०० वॉट, सगळे २८ कोअर कामाला लावल्यावर ४०५. त्यातले दहा टक्के एसएमपीएसमध्येच जातात, आत पोचतात ३६५ च्या आसपास. म्हणजे वहीतला ३८१ चा हिशोब थोडा सढळच होता.

आता यूपीएस. इथे मी आणखी एकदा फसले. घरातल्या यूपीएसवर १००० व्हीए लिहिलेलं, खाली बारीक अक्षरात ६०० वॉट. लोड ४०५. निवांत होते. वळवाच्या पहिल्याच पावसात लाईट गेली, यूपीएसनं टक् केलं आणि मशीन बंद. अकरा तासांचं सिम्युलेशन, शेवटचं सेव्ह दोन तासांपूर्वीचं.

कारण असं निघालं. लाईट गेल्यावर यूपीएसला बॅटरीवर उडी मारायला काही मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ एसएमपीएसनं पोटातल्या कपॅसिटरवर काढायचा असतो. चांगला डबा पूर्ण लोडवर १६-१७ मिलिसेकंद काढतो, म्हणजे आपल्या ५० हर्ट्झच्या एका फेऱ्यापेक्षाही कमी. माझ्या डब्यानं तेवढं काढलं असणार, कारण पुढे दुसऱ्या यूपीएसवर तो कधी अडला नाही. पण स्वस्त यूपीएस बॅटरीवर गोल लाट देत नाही, पायऱ्यापायऱ्यांची देतो. हल्लीच्या एसएमपीएसमध्ये अ‍ॅक्टिव्ह पीएफसी, म्हणजे करंट विजेच्या लाटेच्या तालात ओढणारी सोय, असते; तिला गुळगुळीत लाट लागते. पायरी आली की ती एकदम हिसका मारून करंट ओढते आणि यूपीएस ओव्हरलोड समजून हात वर करतो. मग प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे गोल लाट देणारा यूपीएस घेतला. महाग पडला. एसएमपीएसच्या बजेटमध्ये यूपीएसही धरा, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

एक चूक सांगायला जीभ वळत नाही. दुसरी हार्ड डिस्क जोडताना तिला वीज देणारी सॅटाची केबल सापडेना, म्हणून ६५० वॉटच्या डब्यातली घेतली. दोन्ही डबे मॉड्युलर, म्हणजे केबली काढता-घालता येणारे, दोन्हीकडे सहा पिनांचं तोंड, टक्कन बसली. बटण दाबलं आणि जळक्या बॅकेलाइटसारखा वास. डिस्ककडचं टोक सगळीकडे सारखं असतं. एसएमपीएसकडच्या टोकात कुठल्या पिनेवर काय, हे ज्याचं त्यानं ठरवलेलं. माझ्या डिस्कच्या ५ व्होल्टच्या तोंडात १२ गेले. बॅकअप होता म्हणून निभावलं.

तो ६५० वॉटचा आता भाच्याच्या पीसीत आहे. एकच प्रोसेसर, एकच आठ पिनी केबल, त्याला रगड. उरलेल्या केबली एका पिशवीत घालून मी ती त्याच्या कॅबिनेटच्या आतच बांधून दिलीय आणि वर मार्करनं लिहिलंय: ‘फक्त ह्याच डब्याच्या’. बाबांनी ती चिठ्ठी वाचली आणि खाली अँपिअरही लिहायला लावले.