हंस कुठं गेला?

नागपूरच्या बर्डीच्या बाजारातून सोफ्यासाठी कुशनची दोन कव्हरं आणली. त्यांवर राजा रविवर्मांची हंस-दमयंती छापलेली. आईनं चष्मा लावून एक कव्हर उलटसुलट करून पाहिलं. "हंस कुठं गेला गं?"

खरंच नव्हता. चित्र उभं, कव्हर चौकोनी. बाईचा चेहरा मधोमध बसवायच्या नादात शिवणाऱ्यानं हंसालाच कात्री लावलेली. नळराजाचे गुण सांगणारा तो हंस, आणि ते ऐकून लाजणारी ती. आता लाल साडीतली ही बाई नुसतीच एकीकडे बघत उभी. सिलिंडरवाल्याची वाट पाहतेय म्हटलं तरी खपेल.

आईला जास्त लागलं, कारण दमयंती आपली, विदर्भाची. वर्धेकाठचं कौंडण्यपूर तिचं माहेर, हे आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. केरळच्या चित्रकारानं 1899 मध्ये ती तैलरंगात रंगवली, मूळ चित्र तिकडे तिरुवनंतपुरमला आहे. म्हणजे माहेरी आली ती अशी, चेन लावलेल्या कापडावरून आणि सोबत्याला गमावून.

पण शिवणाऱ्याला तरी काय बोलायचं? चित्रं घरोघरी जावीत म्हणून रविवर्मांनी स्वतःच 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला होता. एकेका रंगासाठी वेगळा दगड, कागदावर एकावर एक ठसे. महाल भागातल्या आमच्या जुन्या घरी त्यांची लक्ष्मी होती. आजी तिला चित्र म्हणायचीच नाही, 'फोटो' म्हणायची. काचेत घालण्याआधी तिनं साडीच्या काठावर जरीची पट्टी नि मुकुटावर टिकल्या चिकटवल्या होत्या. दर शुक्रवारी काचेवर कुंकवाचं बोट. वर्षानुवर्षांच्या त्या कुंकवानं बाजूच्या हत्तीची सोंड दिसेनाशी झालेली, पण त्याबद्दल कुणी कधी हूं की चूं केलं नाही. अजब बंगल्यातल्या, म्हणजे नागपूरच्या संग्रहालयातल्या, चित्रांना हात लावला की रखवालदार ओरडायचा, आणि इथे हात लावल्याशिवाय दिवस सरत नसे. मला विचाराल तर आजीची लक्ष्मी मूळ चित्रापेक्षा उजवी होती. तिच्या टिकल्या दिव्यात लुकलुकायच्या.

दुपारी आई झोपली असेल म्हणून डोकावले, तर ती खिडकीशी बसून छोट्या कात्रीनं कव्हराची शिवण उसवत होती. दोन बोटं कापड उलगडलं आणि आत दबलेली पांढरी चोच दिसली.

"आहे बाप्पा," ती म्हणाली, आणि सुई ओवायला मला हाक मारली.