ब्रेक ऑइल

७ डिसेंबर

शेडचं दार उघडण्यातच अर्धा तास गेला. बिजागऱ्या गंजून जाम झाल्या होत्या, शेवटी पहारीनं उचकटलं. आत आजोबांची फियाट. ११००, सन १९५५. वर ताडपत्री, ताडपत्रीवर मोडक्या खुर्च्या, सायकलचा सांगाडा, रिकामे डबे. गोलसर पाठ आणि खाली झुकलेलं नाक, म्हणून लोक तिला डुक्कर फियाट म्हणायचे. आम्हा मुलांना ते नाव अजिबात खपायचं नाही.

३३ वर्षं ती तिथेच उभी आहे. माझे वडील शेवटपर्यंत म्हणायचे, "दादानं गाडी सडवली." दादा म्हणजे माझे काका. आजोबा गेल्यावर गाडी त्यांच्याकडे आली, दोनेक वर्षं चालवली आणि एक दिवस शेडमध्ये लावली ती लावलीच. विकली नाही, कुणाला दिली नाही, दुरुस्त करून घेतली नाही. कुणी विषय काढला की उठून आत जायचे. वडिलांचा तो राग माझ्याकडेही आला. आज ताडपत्री ओढताना पुन्हा वर आला. मागच्या सीटची स्प्रिंग कापडातून बाहेर आलेली, छताचं कापड लोंबतंय, पायाखालच्या पत्र्यातून जमीन दिसते.

त्याच मागच्या सीटवरची शेवटची फेरी मला अजून आठवते. मी आणि काकांची दोन मुलं मागे. उतार होता. गाडी वळणावर न वळता हळूच बाजूच्या कुंपणात घुसली, झुडपं काचेवर आली, आणि आम्ही तिघं खिदळलो. मी "पुन्हा! पुन्हा!" म्हणून ओरडत होते. मी नऊ वर्षांची असेन.

काका आता ७९ वर्षांचे आहेत. मी गाडी करायला घेते म्हटल्यावर "घे" एवढंच म्हणाले. मग, मी न विचारताच, किल्ली कुठल्या खिळ्याला आहे ते सांगितलं.

१४ डिसेंबर

आज काहीतरी वेगळंच दिसलं. सगळं लिहून ठेवते.

टायर सपाट असतील असं धरून जॅक लावायला खाली वाकले, तर चाकं जमिनीला टेकलेलीच नव्हती. पुढे-मागे अॅक्सलखाली लाकडी ठोकळे, व्यवस्थित, चारही बाजूंनी सारखे. टायर चिरले आहेत, पण वजनानं बसलेले नाहीत. सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा घट्ट बोळा. कार्ब्युरेटरच्या तोंडावर फडकं, त्याला सुतळी. रेडिएटरखालचा पाण्याचा नळ उघडा. इंजिनच्या ब्लॉकला पाणी काढायचा वेगळा नळ असतो, तोही उघडा. हा नळ बहुतेकांना ठाऊकच नसतो. रेडिएटर रिकामा केला की झालं असं वाटतं, आणि ब्लॉकमधलं उरलेलं पाणी आतून लोखंड खात राहतं. पेट्रोलची टाकी कोरडी होती. पेट्रोल वर्षानुवर्षं राहिलं की त्याचा चिकट राळेसारखा थर होतो आणि कार्ब्युरेटरमधली बारीक भोकं, म्हणजे जेट, बुजतात. इथे तसला वाससुद्धा नाही.

प्लग काढायला पाना लावला, तर ते हातानंच फिरले. चारही नुसते बोटानं बसवलेले. आत टॉर्च मारला तर पिस्टनच्या माथ्यावर तेलाचा वाळलेला, मधासारखा पिवळा थर.

पुढच्या सीटखाली पुठ्ठ्याचा तुकडा सापडला. त्याला भोक पाडून दोरा ओवलेला. स्टिअरिंगला बांधलेला असणार, दोरा कुजून पडला. पेन्सिलनं लिहिलंय, काकांचं अक्षर: "पाणी काढले. पेट्रोल काढले. बॅटरी काढली. प्लगमध्ये तेल."

ज्याला गाडी सडवायची असते तो हे करत नाही. जो दोन-चार महिन्यांत परत येणार असतो, तोच करतो. मग आले का नाहीत?

२१ डिसेंबर

चारही सिलिंडरमध्ये पुन्हा पातळ तेल सोडून आठवडाभर ठेवलं होतं. आज पुढच्या पुलीच्या नटाला लांब पाना लावला. झटका द्यायचा नाही, नुसतं वजन टाकायचं, मग उलट बाजूला, मग पुन्हा. जाम झालेल्या इंजिनवर जोर काढला की पिस्टनच्या रिंगा तुटतात. बरोब्बर चाळीस मिनिटं ते ढिम्म होतं. मग पाना हातात किंचित सरकला. आधी वाटलं नटावरून निसटला. नव्हता निसटला.

पहिल्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून भाचीला पाना फिरवायला सांगितलं. अंगठ्याखाली हवा दाटली आणि फुस्स करून बाहेर आली. मग तिसऱ्यावर. मग चौथ्यावर. मग दुसऱ्यावर. १-३-४-२, पुस्तकात दिलेला क्रम, तोच. ६८ मिलिमीटरचे चार छोटे पिस्टन, सगळं मिळून १०८९ सीसी, ३६ अश्वशक्ती. ३३ वर्षांनी माझ्या अंगठ्याला ते जाणवले. मी तिथेच खाली बसले.

संध्याकाळी काकांना सांगितलं, "इंजिन फिरलं. तुमच्या तेलामुळे वाचलं." ते म्हणाले, "बरं झालं." आणि उठून आत गेले.

१८ जानेवारी

पत्र्याचं काम. याला किती दिवस गेले ते लिहीत नाही.

दारांखालच्या पोकळ पट्टीत, म्हणजे सिलमध्ये, पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. ती मातीनं बुजली की पाणी आतच साचतं. आमच्या गाडीत डावी बाजू सगळी गेली होती. बाहेरून रंगाला फक्त फुगे होते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून रंग आधी फुगतो, फुटतो नंतर. स्क्रू-ड्रायव्हर टेकवला तर मुठीपर्यंत आत गेला.

काही जुन्या गाड्यांना खाली वेगळी लोखंडी चौकट, म्हणजे चासी, असते. सिल गेलं तरी गाडी उभी राहते. हिला चासी नाही. १९५३ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ही ११०० आली तेव्हा फियाटचे अभियंते दान्ते जाकोसा यांनी सगळा भार बॉडीवरच घेतला होता. म्हणजे सिल हा गाडीचा कणा. त्यात हिची दारं: पुढचं दार मागच्या बाजूला बिजागरीला, मागचं पुढच्या बाजूला. एका बाजूची दोन्ही दारं मधल्या एकाच खांबावर लटकतात, आणि त्या खांबाचा पाय सिलमध्ये असतो. सिल सरळ कापलं असतं तर खांब खाली आला असता आणि दारं पुन्हा कधीच नीट लागली नसती.

डेंटरदादांनी आधी दारांच्या फटी चारी बाजूंनी मोजून पत्र्यावरच खडूनं आकडे लिहिले. मग दारांच्या जागी आडवे-तिरपे अँगल वेल्ड करून बॉडी बांधून घेतली, आणि नंतरच कापायला घेतलं. एका वेळी वीतभर. नवा पत्रा लावला, मापं पुन्हा घेतली, पुढचं वीतभर. लांबी (पुट्टी) भरून वरून सफाई करता आली असती, तशी करून विकलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत आणि मला ते सहन होत नाही. सडक्या पत्र्यावर लांबी भरणं म्हणजे आत बसणाऱ्या माणसाला फसवणं.

शेवटी अँगल कापले आणि दार लोटलं. खट्. एकाच आवाजात लागलं.

१ फेब्रुवारी

रंगाचं ठरलं. पूर्ण गाडी रंगवायची नाही. छत आणि बॉनेट मूळ रंगातच ठेवते, पातळ झालाय पण धरून आहे. आजोबांचा कोपर जिथे टेकायचा तिथे दाराच्या कडेचा रंग पार उडालाय. तिथे फक्त गंजू नये म्हणून मेण लावलं.

१५ फेब्रुवारी

आज ब्रेक खोलले.

आधी एक सांगते. या सगळ्या कामात, त्या पुठ्ठ्यावरही, ब्रेकचा उल्लेख नव्हता. एवढं सगळं नीट करणाऱ्या माणसानं ब्रेकला हातच लावला नव्हता. मला ते खटकलं होतं, पण विसरले असतील म्हणून सोडून दिलं.

पुढचा डावा ड्रम उपसला. लायनर काळे, तेलकट. चाकातला ब्रेक दाबणारा व्हील सिलिंडर उघडला. आत पिस्टनच्या मागे रबराची वाटी असते, तिच्या कडा सिलिंडरला घट्ट चिकटून दाब धरतात. ती वाटी बाहेर आली तीच वेडीवाकडी. नव्या वाटीशेजारी ठेवली तर जुनी चांगलीच मोठी. चिमटीत धरली तर डिंकासारखी मऊ. उजवीकडेही तेच. मागेही तेच. पेडल ज्याला दाबतं त्या मास्टर सिलिंडरमध्येही. गळती एका चाकाची असते. चारही चाकांत एकच रोग म्हणजे तो वरून आला.

आपण सगळे ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो, पण ते ऑइल नसतं. ग्लायकॉलच्या जातीचा द्रव असतो. तो हवेतली ओल ओढून घेतो, म्हणून दर दोनेक वर्षांनी बदलायचा. पाणी शिरलं की तो लवकर उकळतो. डॉट-३ या प्रतीचा द्रव कोरडा असताना किमान २०५ अंशांना, ओला झाल्यावर १४० पर्यंत खाली. पण या ब्रेकमधल्या रबराला तो चालतो. इंजिनमधलं तेल चालत नाही. त्यानं हे रबर फुगतं, मऊ पडतं आणि दाब धरत नाही.

खात्री करायला ब्रेकच्या टाकीच्या तळाशी उरलेला काळा गाळ काडीनं घेतला आणि काचेच्या ग्लासातल्या पाण्यात सोडला. ब्रेकचा द्रव पाण्यात मिसळून जातो. हा मिसळला नाही. थेंब वर आला, पसरला, आणि उन्हात त्याच्यावर इंद्रधनुष्यासारखे रंग दिसायला लागले. बराच वेळ मी तो ग्लास हातात धरून होते.

काका दारात उभे होते. मी उत्साहात त्यांना ग्लास दाखवला. "बघा, कुणीतरी यात साधं तेल ओतलं होतं. कुणीतरी म्हणजे कुठल्यातरी अडाणी मेकॅनिकनंच असणार. असल्या माणसाच्या हातात गाडी द्यायलाच नको होती."

काकांनी ग्लास घेतला नाही. बघितला आणि गेले.

१६ फेब्रुवारी

सकाळी सहाला काका शेडमध्ये आले. मी नुकती आले होते. स्टुलावर बसले.

"ते तेल मी ओतलं होतं," म्हणाले.

मी काहीच बोलले नाही.

"टाकीत कमी दिसलं. सगळे ब्रेक ऑइल, ब्रेक ऑइल म्हणायचे. घरात तेलाचा डबा होता. ऑइल म्हणजे ऑइल असं वाटलं. पंधरा-वीस दिवस काही झालं नाही. मग त्या उतारावर पेडल फळीला टेकलं. पुन्हा मारलं, पुन्हा फळीला."

त्या काळच्या गाड्यांना ब्रेकची एकच लाइन असायची. दाब गेला की चारही चाकांचा एकदम जायचा. मला हे पुस्तकातून माहीत होतं.

"हँडब्रेक ओढला. दुसऱ्या गिअरात घातली. कुंपण दिसलं, त्यात घातली. पलीकडे ओढा होता. मागे तुम्ही तिघं. मी स्टिअरिंग सोडू शकत नव्हतो, बोटं उघडेनात. आणि मागून तू म्हणत होतीस, पुन्हा."

मग बराच वेळ दोघंही गप्प.

नंतर मी विचारलं, माझ्या बाबांना का नाही सांगितलंत कधी? ते म्हणाले, "त्याची मुलगी होती आत."

गाडी त्यांनी दुसऱ्याच दिवशी ठोकळ्यांवर घेतली. पाणी काढलं, तेल सोडलं, पुठ्ठा बांधला. दुरुस्त करायची होतीच. फक्त ब्रेकला हात लावायला जायचे आणि परत यायचे, असं किती वेळा झालं ते त्यांनाही आठवत नाही. वडील बोलायचे ते ऐकून घ्यायचे.

काल मी त्या ग्लासाकडे बघत ‘अडाणी’ म्हणाले होते. त्याबद्दल काकांची माफी मागितली. ते म्हणाले, "बरोबर बोललीस की." मला ते बरोबर वाटत नाही, आणि हे मी इथे लिहून ठेवते.

८ मार्च

नवे सिलिंडर, नव्या वाट्या, नवे पाइप. जुन्या लाइनी धुवून वापरता येतील असं एक जण म्हणाला होता; नाही म्हटलं. जिथे तेल पोचलं होतं ते रबर एकही ठेवलं नाही.

आज ब्रेकमधली हवा काढली. हे काम एकट्याला नीट होत नाही. एक चाकाशी, एक पेडलवर. भाची यायची होती, पण मी काकांना विचारलं. ते चप्पल काढून आत बसले. आजोबांच्या सीटवर, ३३ वर्षांनी.

मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात. चाकाशी हवा सोडायचं निपल असतं, त्याला पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या द्रवात. मी खालून ओरडायचं, "दाबा." ते म्हणायचे, "दाबलं." मी निपल सैल करायचं, नळीतून बुडबुडे पळायचे, निपल घट्ट. "सोडा." "सोडलं." दर पाच-सहा वेळांनी उठून टाकी भरायची, नाहीतर वरून पुन्हा हवा ओढली जाते. डब्यावरचं नाव मी दर वेळी वाचत होते. काकाही मान वळवून वाचत होते.

पहिल्या चाकाला बुडबुडे संपेचनात. दुसऱ्याला कमी. चौथ्याला आले तेव्हा नळीत नुसता स्वच्छ, पिवळसर द्रव, एकही ठिपका नाही.

"कसं लागतंय?" मी विचारलं.

"कडक," काका म्हणाले.

आता शेवटची तपासणी. पेडल पूर्ण ताकदीनं दाबून मिनिटभर धरायचं. हळूहळू खाली सरकलं तर कुठेतरी गळतंय. मी घड्याळ लावलं आणि टॉर्च घेऊन पेडलजवळ वाकले. काकांचा पाय थरथरत होता, गुडघ्यापासून. पेडल हललं नाही. तीस सेकंद. पन्नास.

"झालं काका, मिनिट झालं. सोडा आता."

त्यांनी पाय उचलला नाही.