तुम्ही विचारलंत म्हणून : बियांचे पैसे का घेत नाही?

मृग जवळ आला की लातुरातल्या आमच्या घरी माणसं यायला लागतात. कोणाला दुधीचं बी हवं असतं, कोणाला काटेरी वांग्याचं, कोणाला काकडीसारख्या वाळकाचं. पुडी हातात पडली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : “ताई, एवढी उस्तवार करता, मग पाकिटं करून विकत का नाही? लोक आनंदानं पैसे देतील.” गावरान बियाणं जपणाऱ्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, गावरान बियाण्याचं नाव घरोघर पोचलं, तेव्हापासून तर हे जास्तच विचारलं जातं. दारात उभ्या उभ्या मी काहीतरी सांगते, पण ते अर्धंच राहतं. आज बसून सांगते.

आधी एक गैरसमज काढते. पुष्कळांना वाटतं, कायद्याची भानगड असेल म्हणून मी पैसे घेत नाही. शेतकऱ्यापुरतं बोलायचं तर पिकांचे वाण आणि शेतकऱ्यांचे हक्क यांच्यासाठी २००१ साली जो कायदा झाला, त्यानं त्याला मोकळीक दिलेली आहे. आपल्या रानातलं बी त्यानं राखावं, पेरावं, अदलाबदल करावं, विकावंही. संरक्षित वाणाचं बी ब्रँडचं नाव लावून विकू नये, एवढीच अट. माझं कारण वेगळं आहे आणि ते दुधीपासून सुरू होतं.

आमच्याकडे दुधीचे दोन वाण आहेत. एक लांब, फिकट हिरवा, सासूबाईंनी माहेरून आणलेला. दुसरा गोल, तांब्याएवढा, बुडाशी रुंद. दोन्ही एकाच गच्चीवर लावले तर काय होतं? दुधीची पांढरी फुलं दिवस कलताना उमलतात, रात्री त्यांच्यावर पतंग फिरतात, सकाळी माश्या. कुठल्या नराचा पराग कुठल्या मादीला लागला, हे कोण बघणार! आणि गंमत अशी की त्या वर्षी काहीच कळत नाही. लांब वेलीला लांबच दुधी लागतो, गोल वेलीला गोलच, कारण फळाचा गर आईचा असतो. भेसळ बसलेली असते ती आतल्या बियांत. ती दिसते पुढच्या पावसाळ्यात, वेल मांडवावर चढून फळं लोंबायला लागली की. तोवर बी वाटून झालेलं असतं.

टोमॅटोचं असं नसतं. त्याचं फूल बहुतेक वेळा स्वतःच्याच परागावर भागवतं. वांगी, भेंडी थोडं इकडचं तिकडचं करतात, पण सांभाळता येतात. मिरची जरा जास्त करते. वेलांचा मात्र भरवसा नाही. नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं, मध्ये कीटक आल्याशिवाय फळच धरत नाही. म्हणून एका गच्चीवर एका जातीचा एकच वाण, हे आम्ही केव्हाच ठरवून टाकलं. लांब दुधी माझ्याकडे. गोल दुधी स्टेशनापलीकडे राहणाऱ्या काकूंकडे. दोडका आणि कारलं औशाला जाऊबाईंकडे. वाळूक तर गच्चीवर रमतच नाही, ते खरिपाच्या रानातच बरं. ते जाऊबाईंच्या भावाच्या शेतात. खायला सगळ्यांना सगळं मिळतं, बी मात्र ज्याचं त्यानं धरायचं.

आता सांगा, माझ्या डब्यात गोल दुधीचं जे बी आहे ते माझं आहे का? काकूंनी ते राखलं. त्यांच्याकडे जो लांब दुधी नाही, तो त्यांनी माझ्या भरवशावर सोडला. मी पाकीट करून विकलं तर ते पैसे कोणाचे? असा हिशेब लावायला गेलं तर तो लागतच नाही आणि लावायला बसलो तर आमच्यातली देवाणघेवाण महिनाभरात बंद पडेल.

उस्तवार किती, हे बघायचं असेल तर पावसाळ्यात एखाद्या दिवशी चारच्या सुमारास जाऊबाईंच्या परसात जावं. दोडक्याची पिवळी फुलं संध्याकाळी उमलतात. उमलायच्या आत त्या वेलीखाली जातात आणि उद्याच्या नाही, आजच्याच कळ्या हुडकतात. आज उमलणारी कळी टोकाला पिवळी झालेली असते, उद्याची अजून हिरवी. नराच्या कळ्या घोसानं असतात. मादी एकटी असते आणि तिच्यामागे बोटाच्या पेराएवढा दोडका आधीच असतो, शिरांसकट. दोन्हींवर जुन्या मलमलीच्या पिशव्या चढवायच्या, दोरा सैल बांधायचा. दिवेलागणीला पिशवी काढायची, नर फूल देठासकट खुडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या आणि मादीच्या मधोमध हलक्या हातानं टेकवत फिरवायचं. पुन्हा पिशवी. दुसऱ्या दिवशी पिशवी सुटते, पण देठाला लाल दोरा राहतो. लाल दोऱ्याचा दोडका कोणी तोडायचा नाही, पाहुणे आले तरी नाही.

तो दोडका वेलीवरच जून होतो, पिवळा पडतो, मग तपकिरी. हलवला की खुळखुळ वाजतो. तेव्हा काढतात. त्याच्या टोकाला एक झाकण असतं, ते वाळून आपोआप सुटतं. दोडका उलटा धरला की काळ्या, खडबडीत बिया ताटात पडतात. घोसाळ्याची बी गुळगुळीत असते, दोडक्याची अशी खरखरीत. बोटाला फरक कळतो.

आणि एवढं करून एखादा वेल कडू निघतो. कुठेतरी बांधावर रानदोडकी असते, तिचा पराग कधीतरी लागलेला असतो. हे मी प्रत्येकाला सांगते आणि इथेही सांगते : दोडका, दुधी, काकडी चिरली की टोकाचा बारीक तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर लगेच थुंकून टाका. कडू दुधीचा रस पिऊन माणसं दवाखान्यात गेली आहेत, जिवाला मुकलीही आहेत. भाजी टाकून द्यायची आणि त्या वेलीचं बीही टाकायचं. जाऊबाईंकडे असं झालं त्या वर्षी त्यांनी सगळं बी चुलीत घातलं. पण त्यांचाच दोडका त्याआधी उदगीरच्या एका भाऊंकडे गेला होता. तिथून तो परत आला. विकलेलं बी असं परत येत नाही. विकत घेणारा पुढच्या वर्षी पुन्हा विकत घ्यायला येतो. ज्याला दिलंय त्याच्याकडे मी मागायला जाऊ शकते.

माझ्या उत्तराचा गाभा म्हणाल तर हाच. माझ्या घरात बी ठेवायला चांगली जागा नाही. उंदीर आहेत, मे महिन्यात पारा बेचाळिसाच्या पुढे जातो, आणि पाणी तर तुम्हाला माहीतच आहे. २०१४ आणि २०१५ लागोपाठ दोन पावसाळे गेले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. त्या दिवसांत पिण्याच्या घागरीचा हिशेब होता, गच्चीवर पाणी कोण घालणार? कुंड्या पालथ्या घालून ठेवल्या. दुधीचं, वांग्याचं बी बाटलीत चार-पाच वर्षं दम धरतं. कांद्याचं धरत नाही, एका वर्षात त्याचा जीव जातो. भेंडीही दोन वर्षांनी खोळंबते. आमचा गावरान कांदा त्यात गेला. तो कोणाला दिलेलाच नव्हता. वाळूकही इकडे कुठे राहिलं नाही, पण नांदेडला दिलेल्या मावसबहिणीकडे गोदावरीच्या अंगाला ते तगलं होतं, कारण एका उन्हाळ्यात ती जाताना पुडी घेऊन गेली होती. आज तुम्ही माझ्याकडून वाळकाचं बी नेता, ते तिचं आहे.

जुन्या बायकांनी हे कसं राखलं असेल, याचा मी खूप विचार करते. मला वाटतं, त्यात सणांचा मोठा वाटा आहे. आपल्याकडे महालक्ष्म्यांना सोळा भाज्या लागतात. भाद्रपदात सोळा भाज्या एका परसात कधीच नसतात. मग कोणाकडून लाल भोपळा, कोणाकडून गवार, कोणाकडून चवळी, अंबाडी, दोडका. ज्या घरातून भाजी आणली, त्याच घरी नंतर बी मागायला जायचं. पुढे येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात भज्जी शिजते, ओली तूर, वाल, हरभरा, हिरव्या पालेभाज्या असं काय काय तीत पडतं. कोणाच्या रानातले वाल मऊ शिजतात, हे तिथे जेवताना कळतं. बी ठरवायची याहून चांगली रीत मला माहीत नाही.

एकट्या घरानं काही वाण टिकतच नाहीत. आपल्या जिल्ह्यातल्या कास्ती कोथिंबिरीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. कोथिंबीर फुलावर आली की माश्या नुसत्या घोंगावतात. असं वाण एका कुंडीत जपून ठेवता येत नाही, त्याला शेताची शेतं आणि ते पेरणारी माणसं लागतात.

यावरून कोणी म्हणतं, म्हणजे ताई, तुम्ही कंपन्यांच्या विरोधात. तसं नाही. जालना आपल्याच मराठवाड्यातलं. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली तिथे महिको ही बियाण्याची कंपनी सुरू केली, १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. ज्याला बाजाराला एकसारखा माल न्यायचा आहे, त्यानं संकरित बी जरूर घ्यावं. फक्त त्याचं बी धरू नये, कारण दुसऱ्या पिढीत एक झाड बापावर, एक आईवर आणि एक भलत्यावरच जातं. आणि जुनं तेच चांगलं, असंही माझं म्हणणं नाही. परभणी क्रांती ही भेंडी परभणीच्या कृषी विद्यापीठात तयार झाली, पानं पिवळी पाडणाऱ्या केवडा रोगाला दाद न देणारी, एका रानभेंडीशी संकर करून. पण नंतर ती निवडून निवडून सरळ वाण केलेली आहे, त्यामुळे तिचं बी धरता येतं. माझ्याकडे तीही आहे. आजीची नाही म्हणून मी तिला कमी लेखत नाही.

पैसे न घेण्याचा एक फायदा मात्र मी उघड सांगते : मला मागता येतं. नेणाऱ्याकडून मी तीन गोष्टी मागते. एक, पहिली चांगली फळं खाऊ नका, बियाण्याला ठेवा. लोक सगळं खातात आणि शेवटचं किडकं, वाकडं बियाण्याला ठेवतात, मग वाण उतरलं म्हणतात. दोन, बी सावलीत वाळवा, कोरड्या चाळलेल्या राखेत घालून घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा. फ्रीजमध्ये ठेवलंत तर बाहेर काढल्यावर बाटलीचा गारवा जाईपर्यंत झाकण उघडू नका, नाहीतर आत दव धरतं. तीन, पुढच्या हंगामात दोन घरी द्या, आणि कुठे दिलं ते मला सांगा. मला परत नाही दिलं तरी चालेल.

माझ्या बाजूनं मी दर वैशाखात प्रत्येक वाणाच्या दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून बघते. सात-आठ उगवल्या तरच ते बी देते. पुडीवर वाण, गाव, बी धरल्याचं साल आणि ज्यांच्याकडून आलं त्यांचं नातं लिहिलेलं असतं. “औसा, जाऊबाई, दोडका” असं. तुम्ही पुढे दिलंत की त्याखाली आपलं गाव लिहा, आधीचं खोडू नका.

यंदा लांब दुधी, काटेरी वांगी, परभणी क्रांती आणि वाळूक आहे. गोल दुधी काकूंकडे मागा. गावरान कांदा मात्र मीच शोधते आहे, पांढरा, तिखट, जरा चपटा असायचा. तुमच्या गावाकडे कोणी अजून असा लावत असेल तर मला कळवा, नेलेल्या बियांच्या बदल्यात तेवढं करा.