आधी पाण्याचा उतार, मग झेब्रा शिंपला

आक्रमक जलचरांचा, म्हणजे बाहेरून येऊन झपाट्याने पसरणाऱ्या पाण्यातल्या प्राण्यांचा, धडा प्राण्यांच्या चित्रांनी सुरू करू नये, असं माझं ठाम मत आहे. आधी नकाशा द्यावा. उत्तर अमेरिकेतली पंचमहासरोवरं त्यासाठी सर्वांत सोयीची, कारण तिथल्या नोंदी सालवार मिळतात.

चौघांच्या गटाला सरोवरांचा आणि नद्यांचा आराखडा द्या, वर ट्रेसिंग पेपर. पहिली १५ मिनिटं प्रजातीचं नाव काढायचं नाही. पाणी कुठून कुठे जातं ते निळ्या बाणांनी दाखवायचं. घोळ हमखास इथेच होतो. नकाशात उत्तर वर असते, म्हणून मुलं पाणी दक्षिणेकडे उतरवतात. अशा वेळी समुद्रसपाटीपासूनची उंची लिहायला लावा: सुपीरियर सुमारे १८३ मीटर, मिशिगन आणि ह्यूरन १७६, ईरी १७४, ऑन्टॅरिओ ७५. मग पाणी अखेर ईशान्येला, सेंट लॉरेन्स नदीकडे जातं हे कुणी सांगावं लागत नाही. ईरीनंतरची मोठी उडी नायगाराची, हेही कळतं.

आता ट्रेसिंग पेपरवर झेब्रा शिंपल्याचे लाल ठिपके: १९८८ सेंट क्लेअर सरोवर (ह्यूरन आणि ईरीच्या मधलं), १९९० पर्यंत पाचही महासरोवरं, १९९१ इलिनॉय आणि हडसन नद्या. अट एकच. ठिपके जोडणाऱ्या प्रत्येक बाणावर वाहक, म्हणजे शिंपल्याला तिथे कुणी किंवा कशाने नेलं ते, लिहायचा. ईरीचा बाण सोपा, डोळ्यांना न दिसणाऱ्या अळ्या प्रवाहाबरोबर जातात. पण सुपीरियर तर वरच्या अंगाला! तिथे प्रवाह नेणार नाही. बोटी आणि जहाजंच नेणार. इलिनॉयचा बाण जलविभाजक (दोन खोऱ्यांचं पाणी वेगळं करणारी उंच रेषा) ओलांडतो, तेव्हा शिकागोचा १९०० सालचा कालवा शोधायला लावा. मूळचा काळ्या समुद्राच्या आणि कॅस्पियनच्या परिसरातला हा शिंपला अटलांटिक पार करून आला तो जहाजांच्या टाक्यांत तोल राखण्यासाठी भरलेल्या पाण्यातून.

साल लिहिताना एक सावधगिरी हवी: ते सापडल्याचं आहे, आल्याचं नव्हे. हे स्पष्ट केलं नाही तर मुलं ठिपक्यांतल्या अंतराला सालांनी भागून पसरण्याचा 'वेग' काढतात आणि उत्तर चुकतं.

वेळ उरला तर याच शिंपल्याचा भाऊबंद क्वागा घ्या. तो २००७ मध्ये थेट अमेरिकेच्या नैऋत्येतल्या मीड सरोवरात सापडला, खंडीय जलविभाजकाच्या पलीकडे. मधे ना नदी, ना कालवा. मुलं विमानापासून पक्ष्यांपर्यंत सगळं सुचवतात. रस्त्यांचा नकाशा पुढे ठेवा, म्हणजे ट्रेलरवरून नेलेली बोट सुचते. बोट धुऊन, आतलं पाणी काढून, पूर्ण वाळवूनच दुसऱ्या पाण्यात का सोडायची, हे त्याच क्षणी सांगावं.