अख्खा सिनेमाच कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. लग्नाच्या पंगतीत विचारता, क्लास सुटल्यावर पालक विचारतात: "हाताने चित्रं काढून अख्खा सिनेमा कशाला? दहा मिनिटांची शॉर्ट फिल्म कर, महोत्सवांना पाठव आणि मोकळी हो."

गोष्ट एका रात्रीची आहे. सराफ बाजारामागचा वाडा, गंगापूर धरणातून सोडलेलं पाणी आणि वाडा सोडायला तयार नसलेली आजी. पाणी कुठवर आलं ते नाशकात गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून कळतं: गुडघ्याला, कमरेला, छातीला. हे चढणं दहा मिनिटांत दाखवलं तर त्याची बातमी होते. बघणाऱ्याने आजीबरोबर जिन्यावर ताटकळावं, त्याला भूक लागावी आणि मग खालच्या पायरीवर पाणी दिसावं. त्याला सव्वा तास लागतो. शिवाय महोत्सवातली शॉर्ट फिल्म आमच्या गल्लीतलं कोण बघतं? मला तिकीट काढून येणारी, मध्यंतरात वडा खाणारी माणसं हवी आहेत.

सेकंदाला २४ फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी सेकंदाला १२, म्हणजे ७५ मिनिटांना ५४,००० चित्रं. एवढी आम्ही काढतच नाही. आजी बोलते तेव्हा ओठ आणि भुवया हलतात, बाकीची आजी तशीच राहते. कंदिलाच्या उजेडाबाहेरचं फक्त ऐकू येतं. पावसाची एकच फेरी पुन्हा पुन्हा फिरते. पैसे नव्हते म्हणून अंधार आला हे खरं, पण उद्या पैसे आले तरी तो मी हटवणार नाही.

पाण्याला ही काटकसर चालत नाही. स्थिर ठेवलं तर त्याची काच होते, फेरी लावली तर नजर लगेच पकडते. ते दर वेळी नव्याने काढावं लागतं, आणि ते काढायचा माझा विद्यार्थी. सिन्नरहून रोज एसटीने यायचा. मारुतीच्या गुडघ्यापासून कमरेपर्यंतचं सगळं पाणी त्याचं आहे. लाटेची पांढरी कड तो जरा उशिरा फोडायचा, त्यामुळे पाण्याला वजन यायचं.

एका दुपारी त्याचे वडील आले. चपला बाहेर काढल्या, खुर्ची दिली तरी पुढे सरकून कडेवर बसले. त्यांना मी त्याचा सीन लावून दाखवला. "हे यानं काढलं?" म्हणाले. परत लावायला सांगितलं, मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा बघताना ते पडद्याऐवजी मुलाकडे बघत होते. मला वाटलं, जिंकलं.

मग त्यांनी विचारलं, "मॅडम, याला देता किती?"

मी आकडा सांगितला. मुलगा खाली बघत होता. ते आवाज न चढवता म्हणाले, "आमच्या कंपनीत हेल्परला याच्यापेक्षा जास्त मिळतात. काम चांगलंच आहे, मी नाही म्हणत नाही. पण याचं पुढं काय?"

माझ्याकडे बोलण्यासारखं खूप होतं. फाळके, कला, मराठी सिनेमा. त्या माणसासमोर त्यातलं काहीच तोंडातून निघेना. चहा झाला, दोघं उठले. महिनाअखेरीला मुलगा पुण्याला गेम बनवणाऱ्या कंपनीत लागला. चांगलं झालं. मनापासून सांगते, चांगलं झालं.

यावर तुम्ही 'फ्लो' या ॲनिमेशन सिनेमाचं नाव घेता. लॅटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोदिस यांनी ब्लेंडर या फुकट सॉफ्टवेअरवर केला, २०२५ मध्ये ऑस्कर मिळालं, त्यातही पूरच आहे. हो, पण त्याला सुमारे ३५ लाख युरो लागले, आणि तीन देशांतून निर्मिती उभी राहिली. ब्लेंडर मीही वापरते. सॉफ्टवेअर फुकट मिळतं, सिन्नरचा पास मिळत नाही.

दुसरं, हे दादासाहेब फाळक्यांचं गाव, याची तुम्ही आठवण देता. १९१२ मध्ये त्यांनी वाटाण्याचं रोप एकेका फ्रेमने टिपलं, ती छोटी फिल्म दाखवून भांडवल उभं केलं आणि मग 'राजा हरिश्चंद्र' झाला. म्हणजे आधी छोटीच केली ना, असं तुम्ही म्हणता. मीही पुराचा तुकडा घेऊन फिरले. एकाने पैसे देऊ केले, अट एवढीच की आजी काढून तिथे बाळ हनुमान घ्यायचा. मी उठून आले. आज तेच पैसे समोर आले तर उठेन का? त्या मुलाचा पगार डोळ्यासमोर असेल तर मला खात्री देता येत नाही.

एका कॉलेजात मी म्हणाले होते, पैशांकडे बघू नका, काम करत राहा. तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. माझं घर वडिलोपार्जित आहे, भाडं नाही, म्हणून मला ते बोलता आलं. पण तसं बोलणारी मी नसते तर सिनेमा सुरूच झाला नसता, आणि त्या मुलाचं पाणीही कुणी पाहिलं नसतं. या दोन्हींतलं एक मला अजून सोडता येत नाही.

कमरेपासून वरचं पाणी आता मी काढते. माझी रेघ नेटकी आहे आणि पाणी हलकं दिसतं. जोड कळतो. त्याचं पुसून सगळं माझ्या हातचं करावं तर सिनेमातली सगळ्यात चांगली चार मिनिटं जातात. रविवारी करून देतो, ताई, पैसे नकोत, असं तो फोनवर म्हणतो. फुकट घेणार नाही, असं मी म्हणते. पुण्यात त्याला मिळतात त्या दराने द्यायला माझ्याकडे नाहीत. त्यावरून आमचं गेल्या रविवारीही भांडण झालं.