वरचे दोन कोपरे

रविवार, रात्री ११.३०

वाईला काढलेल्या फिल्मच्या चारही शीट आज डेव्हलप केल्या. बाथरूमच्या दोरीवर टांगल्या आहेत आणि चारही जणींचं दुखणं एकच. खालचा भाग ठणठणीत: तुळशीवृंदावन, चौकातल्या फरशा, सोप्याचे सुरूदार खांब, सगळं जिथल्या तिथे. वर जावं तसा वाडा विरत जातो आणि वरच्या दोन कोपऱ्यांत निगेटिव्ह जवळजवळ कोरी.

नेमकं तेच मला हवं होतं. आत्याच्या वाड्याच्या माडीची कौलं पुढच्या महिन्यात उतरवून पत्रा घालणार आहेत. कौलांच्या लगेच खाली कमळांची कोरीव लाकडी पट्टी चौकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली आहे. ती परत वर चढेल याची खात्री आत्यालाही नाही. त्या पट्टीसाठी चार बाय पाच इंची शीटच्या कॅमेऱ्याचं धूड एसटीतून मांडीवर घेऊन गेलो होतो.

रात्री निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून कॉन्टॅक्ट प्रिंट काढून पाहिली. पुठ्ठ्याच्या तुकड्याने कोपरे झाकून, हलवत हलवत तीन कागद फुकट घालवले. काळ्याचा राखाडी झाला, कमळ काही आलं नाही. फिल्मवर उतरलंच नाही ते कागदावर कुठून येणार? एक मित्र म्हणाला, स्कॅन कर आणि कंप्युटरवर कोपरे उजळव. कोऱ्या फिल्मला उजळवून काय मिळणार, नुसती रेती.

मंगळवार

दोन दिवस संशयात गेले: आधी शटरवर, मग डेव्हलपिंगच्या ट्रेवर, मग स्वतःवर. आज ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत कागद घेऊन बसलो.

चौक जेमतेम १५ फुटांचा. समोरच्या ओसरीच्या कडेला ट्रायपॉड टेकवला की मागे भिंत. तेवढ्या जागेतून दोन मजले घ्यायचे तर ९० मिलिमीटरची लेन्स लागतेच. शिवाय कॅमेरा वर तिरपा केला की खांब एकमेकांवर कलतात, म्हणून तो सरळ ठेवून पुढची लेन्स-पाटी २५ मिलिमीटर वर उचललेली. पाप तिथेच आहे. उभी शीट असताना फिल्मचा कोपरा मध्यापासून साधारण ७६ मिलिमीटरवर असतो. लेन्स वर उचलली की तिचा अक्ष चित्राच्या मधोमध राहत नाही. वाड्याचे वरचे कोपरे अक्षापासून ९७ मिलिमीटरवर गेले, खालचे ५९ वर आले. म्हणजे कोनात ४७ अंश आणि ३३ अंश.

तिरक्या जाणाऱ्या उजेडाला चार ठिकाणी जकात द्यावी लागते, दर वेळी त्या कोनाच्या कोसाइनच्या पटीत. कोपऱ्यापर्यंतचं अंतर जास्त, आणि उजेड अंतराच्या वर्गाने कमी होतो, हे दोन कोसाइन. लेन्सचं छिद्र बाजूने पाहिलं की तिरक्या धरलेल्या ताटासारखं लांबटगोल दिसतं, हा तिसरा. फिल्मवर उजेड सरळ न पडता आडवा पसरतो, हा चौथा. त्या हिशेबाने ४७ अंशांना सव्वादोन स्टॉप गेले (एक स्टॉप गेला म्हणजे उजेड निम्मा). यातली तिसरी जकात या लेन्सवाल्यांनी बरीचशी चुकवलीय. संध्याकाळी घरी ती ९०ची लेन्स, सुपर अँग्युलॉन, काढून ट्यूबलाइटकडे धरली आणि हळूहळू तिरकी केली. छिद्र अपेक्षेइतकं चपटं होतच नाही, फुगून आपल्याकडे वळल्यासारखं होतं. रुसिनोव नावाच्या रशियन माणसाने ही युक्ती लेन्समध्ये आणली. ती धरली तर चाराऐवजी साधारण तीनच कोसाइन उरतात, आणि वरच्या कोपऱ्यात तूट पावणेदोन स्टॉपच्या आत येते. खालच्या कोपऱ्यात पाऊण. वर-खाली जवळजवळ एका स्टॉपचा फरक, एकाच फोटोत.

छिद्र लहान करून ही तूट भरत नाही, हे मला उशिरा कळलं. एफ/८ला, म्हणजे छिद्र मोठं असताना, लेन्सच्या नळीची कडच छिद्राला दोन्हीकडून कापते, मांजराच्या डोळ्यासारखी फट दिसते. ती भानगड एफ/२२च्या लहान छिद्राला जाते. ग्राउंड ग्लासचे, म्हणजे कॅमेऱ्यामागच्या ज्या घासलेल्या काचेवर चित्र पाहतात तिचे, चारही कोपरे छाटलेले असतात त्याचा उपयोग इथे होतो: त्या खाचेतून आत डोकावून पाहायचं, छिद्र पूर्ण गोल दिसलं की नळी आड येत नाहीये. मी ते पाहिलं होतं, गोल दिसलं होतं, आणि निर्धास्त झालो होतो. कोसाइनची जकात त्या खाचेतून दिसत नाही.

गुरुवार

मग ग्राउंड ग्लासवर का नाही दिसलं? दिसलं होतं की. काळ्या कापडाखाली वाडा उलटा, त्याची कौलं खाली, आणि खालचे दोन्ही कोपरे मिट्ट काळोखात. पण काच नेहमीच तसं दाखवते. मध्ये उजेडाचा गोळा, आणि डोकं हलवलं की तो गोळाही डोक्याबरोबर सरकतो. डावा खालचा कोपरा पाहायचा तर डोकं त्याच्याही पलीकडे, खाली-डावीकडे नेऊन लेन्सच्या रोखाने पाहायचं, तेव्हा तो उजळतो. घासलेली काच उजेड हवा तेवढा विखुरत नाही, म्हणून तो आपल्या वाटेने निघून जातो आणि डोळ्यांपर्यंत पोचत नाही. फिल्मला डोळ्यांची फिकीर नाही, तिच्यावर पडला तो उजेड तिचा. काच तीन-चार स्टॉपचा अंधार दाखवते तेव्हा फिल्मवर तेवढा नसतो. हे माहीत असल्यामुळेच मी काचेवरचा सगळाच अंधार काचेच्या खात्यावर टाकला, त्यातला पावणेदोन स्टॉप फिल्मचा होता.

शनिवार

आज गच्चीवर सावलीत चार शीट जाळल्या. पाण्याच्या टाकीच्या भिंतीला पांढरा पुठ्ठा चिकटवला. पहिल्या शीटला लेन्स २५ मिलिमीटर उचलून पुठ्ठा वरच्या कोपऱ्यात. नंतरच्या तिन्हींना अक्ष सरळ पुठ्ठ्यावर रोखून, पण उजेड कमी करत: एक स्टॉप, दीड, दोन. भिंत नव्हे, तोच पुठ्ठा सगळीकडे वापरला, कारण भिंतीवरचा उजेड कधी सारखा नसतो. खालच्या मजल्यावरचे काका वर आले, पांढऱ्या पुठ्ठ्याचे चार फोटो काढताना पाहिलं, काही न बोलता वाळवण उचलून गेले.

संध्याकाळी निगेटिव्ह ट्रेसिंग पेपरवर एकमेकींना लावून पाहिल्या. कोपऱ्यातला पुठ्ठा दीड आणि दोन यांच्या मध्ये, दीडच्या जवळ. कागदावरचा हिशेब बरोबर निघाला याचा आनंद इतका झाला की शीटच्या किमतीचं वाईट वाटायला विसरलो.

मुंबईच्या मित्राने सेंटर फिल्टर पाठवलाय, ६७ मिलिमीटरचा, दीड स्टॉपचा. मध्ये धुरकट काळा, कडेला जाता जाता स्वच्छ काच. जिथे जास्त उजेड आहे तिथला काढून घ्यायचा, इतकीच त्याची अक्कल. एफ/१६ किंवा त्याहून लहान छिद्रावर नीट चालतो, मोठ्या छिद्राला उजेडाचा झोत एवढा रुंद असतो की काळा आणि स्वच्छ भाग त्यात एक होऊन जातात. मला त्याचं सगळ्यात आवडलं ते हे की तो लेन्सवर बसतो. लेन्स वर उचलली की तोही वर जातो, अक्ष सोडत नाही. कंप्युटरवरचं कडा उजळायचं बटण चित्राचा मध्य धरून चालतं, माझ्या अंधाराचा मध्य तिथे नव्हताच.

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी यावर याहून मजेशीर तोडगा होता. १९०० साली बर्लिनच्या गोर्झची हायपरगॉन लेन्स आली, कोन १३० अंशांच्याही वर. तिच्या पुढे मधोमध चांदणीच्या आकाराचं छोटं चक्र असे. रबराचा फुगा दाबून हवा मारायची, चक्र गरगर फिरायचं आणि मधला उजेड अडवायचं. काही वेळ फिरवून ते बाजूला करायचं, मग उरलेलं एक्स्पोजर. जत्रेतलं भिरभिरंच. ते कुणाच्या हातात चालताना पाहायला मिळालं असतं तर माझी नोकरी एक दिवस बुडाली तरी चाललं असतं.

काळवंडलेल्या कडा मला आवडत नाहीत असं नाही. विहिरीच्या फोटोला मी मुद्दाम ठेवीन. पण पट्टीवरची कमळं मोजायची होती.

रविवार, वाईहून परत, रात्री

तीच वेळ, दिवेलागणीच्या आधीची, आकाश आणि सोपा एका पातळीवर येतात ती. एफ/२२ला उजेड मोजायचं मीटर ८ सेकंद म्हणालं. फिल्टरचे दीड स्टॉप धरले की २३. एवढ्या लांब एक्स्पोजरला फिल्म आळसावते, आणखी वेळ मागते. इल्फर्डने माझ्या फिल्मसाठी, एफपी४साठी, १.२६ हा घातांक दिलाय, तो लावून ५१ सेकंद. गेल्या वेळी फिल्टरशिवाय १४ दिले होते. फिल्टर लावल्यावर ग्राउंड ग्लासवर इतका अंधार की फोकस मी फिल्टर काढूनच केला.

केबल रिलीज दाबली, मनात मोजायला लागलो. एकोणीस-वीसला आत्या निरांजन घेऊन माजघरातून बाहेर आली. तिला सांगितलं होतं, पण दिवेलागणीच्या वेळी आमच्या घरात कुणाचं चालत नाही. सोप्याच्या दोन पायऱ्या उतरली, चौक ओलांडला, तुळशीपाशी निरांजन ठेवलं, हात जोडले. मी मोजत राहिलो. चाळीसला ती परत निघाली.

"काय रे, झालं का?"

"थांब गं, अकरा सेकंद."

तेवढा वेळ ती चौकाच्या मध्ये एका पायावर भार देऊन उभी राहिली. श्वाससुद्धा रोखला असावा.

दुसरी शीट काढेपर्यंत उजेड गेला.

आत्ता ती एकच निगेटिव्ह दोरीवर आहे. लूप, म्हणजे भिंग, लावून पाहिलं. डाव्या कोपऱ्यात पट्टीवरची सात कमळं येतात, शेवटच्याची एक पाकळी तुटलेली आहे हेही कळतं. उजव्या कोपऱ्यात पन्हळीची सावली आहे, तिथे थोडं पातळ, पण कोरं नाही. पायऱ्यांपासून तुळशीपर्यंत एक बारीक काळी रेघ, थोडी वरखाली होत गेलेली, आणि शेवटी टपोरा काळा ठिपका. चौकाच्या मध्ये फरशांवर किंचित डाग, आत्या अकरा सेकंद उभी होती तो. ती आहे असं माहीत नसेल तर दिसणार नाही.

फोन केला.

"मी आले का त्यात?"

"नाही गं. दिवा आलाय."

"बरं झालं. अंगावर घरातलीच साडी होती."