आरसा फिरवा जी

माझ्या चष्म्याच्या दुकानाच्या भिंतीवर एक तक्ता आहे. फ्रेम विकायला येणाऱ्या एका पोरानं पंधराएक वर्षांपूर्वी तो चिकटवला. त्यावर हसऱ्या चेहऱ्यांची चित्रं: गोल, लंबगोल, चौकोनी, बदामी. गोल चेहऱ्याला कोनदार फ्रेम, चौकोनी जबड्याला गोलसर, कपाळ रुंद नि हनुवटी निमुळती असेल तर खालून जड दिसणारी. तक्ता खोटा नाही, पण त्याच्या भरवशावर दुकान चालत नाही. मी तीन गोष्टी पाहतो. फ्रेमची रुंदी एका कानशिलापासून दुसऱ्या कानशिलापर्यंत बसावी, वरची कड भुवईच्या रेषेनं जावी आणि बुबुळ काचेच्या साधारण मधोमध यावं. एवढं जमलं की आकार गिऱ्हाइकाच्या आवडीवर सोडून द्यायचा.

ब्रह्मपुरीला दिवाळीनंतरचे दिवस गडबडीचे. झाडीपट्टीचा, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाचा, नाटकांचा हंगाम सुरू होतो, वैनगंगेपलीकडं वडशाला नाटक कंपन्यांची लगबग असते आणि कलाकारांना अचानक आठवतं की आपल्या चष्म्याची काडी चार महिन्यांपासून ढिली आहे. त्या दिवशी सकाळपासून मी स्क्रूच कसत होतो. दुपारी एक गृहस्थ दारात आले. पन्नाशीचे, पांढरा सदरा, गळ्यात गमछा. गमछा त्यांनी उजव्या गालावरून घेतला होता. खुर्चीवर बसल्यावर काढला.

उजवा डोळा नव्हता. पापणी शिवून बंद केलेली. भुवईवरून गालापर्यंत तीन ओळी ओढल्यासारखे व्रण. नाकाचं हाड वरच्या बाजूला बसलेलं, जरा उजवीकडं कललेलं. उजव्या कानाचा वरचा अर्धा भाग नाही. आमच्याकडं असा चेहरा पाहिला की विचारावं लागत नाही. मोहफुलं वेचायला माणसं अंधार असतानाच रानात जातात, आणि मोहाच्या झाडाखाली त्याच वेळी अस्वलही आलेलं असतं. अचानक गाठ पडली की ते उभं राहून थेट तोंडावर येतं.

माझ्या काउंटरवर गोल, फिरता आरसा असतो. तो मी नकळत माझ्याकडं वळवला. चांगुलपणा म्हणूनच केलं. आणि दोन हलक्या काळ्या काचांच्या फ्रेम काढून ठेवल्या, मोठ्या, गाल झाकणाऱ्या.

त्यांनी फ्रेमकडं पाहिलं, मग आरशाच्या पाठीकडं.

"आरसा काहून फिरवला जी? फिरवा इकडे. मी का तुमचं तोंड पाहून चष्मा घेऊ?"

मी आरसा फिरवला. काय बोलावं सुचेना, म्हणून तपासणीची चिठ्ठी मागितली.

काळ्या चष्म्याचं त्यांनी मग स्वतःच सांगितलं. दवाखान्यातून आल्यावर सगळ्यांनी तोच दिला. भावानं एक, जावयानं एक. "काळा चष्मा लावून भजनात बसलो, तं लोकं माह्यासमोर चिल्लर टाकाले लागले. पेटी मी वाजवत होतो, अन् आंधळा समजून मलेच दान! आनखी एक सांगतो, आमचं काम रातभर असते. काळ्या काचेतून रातच्याले काय दिसन?"

ते नाटकात ऑर्गन वाजवतात, आमच्याकडं अशा माणसाला पेटीमास्तर म्हणतात. मंचासमोर खाली बसायचं, नटाकडं वर बघत सूर धरायचा आणि पेटीवर ठेवलेल्या वहीतली चाल, शब्द बघायचे. अस्वलाच्या प्रसंगानंतर एक हंगाम हुकला होता.

चिठ्ठी सोपी होती. डाव्या डोळ्याला लांबचा अधिक 1.00, जवळच्यासाठी वर 2.00. वाचायला बायफोकल. जवळचा नंबर साधारण चाळीस सेंटिमीटरवर वाचायला धरतात, पण पेटीवरची वही तेवढ्यावर नसते. पेटीमास्तरांना मी काउंटरवर हात ठेवून बसायला सांगितलं नि टेपनं मोजलं, साठच्या आसपास भरलं. जवळचा पूर्ण 2.00 दिला असता तर वही वाचायला त्यांना पेटीवर ओणवं व्हावं लागलं असतं. नागपूरला डॉक्टरांना फोन लावला, आणि त्यांनी 1.25 ला होकार दिला. आणखी एक. एकच डोळा उरलेल्या माणसाला साधी काच देऊ नये, पॉलीकार्बोनेट द्यावी. ती सहसा फुटत नाही, फुटलीच तर धारदार तुकडे होत नाहीत. यात मी घासाघीस होऊ देत नाही.

आता फ्रेम. मी हलकी धातूची सुचवली, वजन कमी, नाकाचे पॅड हवे तसे वळवता येतात. त्यांनी खिशातून घडी केलेलं जुनं नाटकाचं पत्रक काढलं. कोपऱ्यात त्यांचा फोटो, जाड काळ्या शेलच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्या, फ्रेमचा चष्मा.

"असाच पाहिजे."

मी म्हटलं, शेलची जड असते, नाकावर टेकायला आता जागा नाही, घसरेल. ते ऐकून घेत होते. मग भिंतीवरच्या तक्त्याकडं बघत म्हणाले, "तुमच्या त्या फोटोत माहा चेहरा कोनता?" मी हसलो. ते हसले नाहीत. काउंटरवरची एक काळी शेल फ्रेम उचलून त्यांनी तोंडाशी धरली, नुसती धरली, आरशात बघितलं आणि बोटानं वरची जाड कड दाखवली.

"पाहा जी. उजवी भुवई अस्वलानं नेली. ही कड तिथंच येते. माही भुवई झाली का नाही? आमचा मेकअपवाला असंच करते. काळी रेघ ओढली का लोकं रेघच पाह्यतात."

पंचवीस वर्षांत भुवईच्या रेषेबद्दल शेकडो गिऱ्हाइकांना सांगितलं असेल मी. भुवईच नसेल तर फ्रेमनं ती काढून द्यायची, हे मला सुचलं नव्हतं. धातूच्या बारीक तारेनं ते झालंच नसतं.

मग पुलाचं, म्हणजे दोन काचा जोडणाऱ्या नाकावरच्या भागाचं, बघितलं. काळा पूल खाली बसला की लांब नाक आखूड दिसतं, उंच बसला की आखूड नाक लांब. यांचं नाक वरून बसलेलं, म्हणजे पूल शक्य तितका वर हवा. 52-18 ची, म्हणजे काच 52 मिलिमीटर रुंद नि पूल 18, अशी एक फ्रेम सापडली, पूल वर असलेली. पण ती नाकाला टेकतच नव्हती, बोट जाईल एवढी फट.

शेलच्या फ्रेमला धातूचे पॅड बसवता येतात. आताची पोरं हे करत नाहीत, नवी फ्रेम विकतात. आतल्या बाजूचं शेलचं नाक कानशीनं घासून सपाट करायचं, बारीक ड्रिलनं भोक पाडायचं, शेल गरम करून पॅडच्या दांडीची टोकं आत दाबायची आणि गार पाण्यात धरायचं. उष्णता जास्त झाली तर काळ्या शेलवर बुडबुडे येतात आणि फ्रेम वाया. डाव्या बाजूची दांडी नेहमीची लावली. उजवीकडची चार मिलिमीटर जास्त बाहेर काढली, कारण त्या बाजूला नाक आत गेलंय. मोठे सिलिकॉनचे पॅड लावले.

कानाचं जास्त जिकिरीचं. उजवी काडी अडकायला वर काहीच नव्हतं. मागून दोरी बांधू म्हटलं, तर "दोरी म्हाताऱ्याले" म्हणून उडवून लावलं. तेव्हा ती काडी गरम करून सरळ केली, मग टोक आतल्या बाजूला वळवलं, कानामागच्या हाडाला मिठी मारल्यासारखं, नि त्यावर सिलिकॉनची नळी चढवली. डाव्या कानाचं वळण खोल दिलं. बरंचसं वजन आता डाव्या कानावर आणि दोन पॅडवर. उजव्या बाजूला बिनकामाची का होईना, तेवढ्याच वजनाची काच टाकावी लागते. नाहीतर फ्रेम एका बाजूला झुकते.

माप घेताना नाकाचा मध्य धरता येत नव्हता, तोच हललेला. फ्रेम चेहऱ्यावर ठेवून डमी काचेवरच बुबुळाचा ठिपका मारला. बायफोकलची कड नेहमीपेक्षा दोन मिलिमीटर खाली ठेवली, वर मंचाकडं बघताना हनुवटी उचलली तर ती मध्ये येऊ नये म्हणून.

काचा नागपूरहून आठ दिवसांनी आल्या. मास्तर आले. चष्मा चढवला, समोर बसलो, काड्या इकडून तिकडून वळवून दोन्ही काचा एका पातळीत आणल्या. मी तर पट्टी धरून बघितलं. अगदी सरळ.

त्यांनी आरशात बघितलं. बराच वेळ. मग डाव्या काडीवर बोट ठेवलं.

"हे थोडंसं उतरवा."

"मास्तर, वाकडा होईल."

"चेहरा वाकडा, चष्मा सरळ. मंग तोच वाकडा दिसते ना जी."

काडी गरम करून अर्धा मिलिमीटर उतरवली. पट्टी काढून टाकली, दोन पावलं मागं सरकून बघितलं. त्यांचंच बरोबर होतं. चष्मा डाव्या भुवईला समांतर झाला आणि चेहरा जागेवर बसला, म्हणजे व्रण होते तिथंच होते, पण नजर आधी चष्म्याकडं जात होती.

त्यांनी काउंटरच्या काचेवर दोन्ही हात ठेवले, बोटं चालवली, मान वर करून पंख्याकडं बघितलं, मग झटक्यानं खाली. पाच-सहा वेळा. चष्मा हलला नाही. पैसे देताना डबीवरून घासाघीस केली, मोठी डबी हवी होती, फुकट.

जानेवारीत एका रात्री, शटर ओढत होतो, एक जीप समोर थांबली. आत बायकांचं हसणं, मागं पडद्यांचे गठ्ठे. मास्तर खाली उतरले नाहीत, खिडकीतून चष्मा काढून दिला.

"डावा स्क्रू. लवकर करा जी, नांदीले पोहोचाचं हाय."

जीपच्या हेडलाइटसमोर उभं राहून मी स्क्रू कसला.